रोबोटचं नंतर, आधी तो फॉर्म काढा

एका वाचकाच्या पित्तनलिकेत खडे आहेत. सर्जनने रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली. पॉलिसीत तिला सबलिमिट आहे, म्हणजे त्या शस्त्रक्रियेसाठी ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतात. वरचा फरक भरायला मुदत ठेव मोडू का, असं ते विचारतात. त्यांचे आकडे मी प्रमाणात मांडतो: साधा मार्ग १००, रोबोटिक १६०, सबलिमिट १००, ठेव १८०, घरखर्च महिना १५.

तुमच्या हिशोबाने खिशातून ६० जातील. पण सोनोग्राफीत खडे दिसल्यावर पॉलिसी घेतली आणि प्रपोजल फॉर्ममध्ये आधीच्या आजारापुढे एजंटने ‘नाही’ भरलं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. ‘वेटिंग पिरियड (आधीच्या आजाराचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) संपला की कोण विचारतंय?’ असं तो म्हणे. विचारतात. क्लेम आला की जुने रिपोर्ट मागवतात आणि रिपोर्टवर तारीख असते. फॉर्मवर सही तुमची. त्याचं कमिशन केव्हाच मिळालं. कंपनी क्लेम नाकारू शकते, पॉलिसीही रद्द करू शकते. फॅमिली फ्लोटर असल्याने घरातल्या सगळ्यांचंच कवच त्यात अडकलंय.

तेव्हा विम्याचे पैसे शून्य धरा. रोबोटिक केलं तर ठेवीत २० उरतात, जेमतेम सव्वा महिना. साध्या मार्गाने ८०, म्हणजे पाच महिने.

वेटिंग पिरियड संपायला सात महिने आहेत, तोवर कळ काढायचा बेत तर सोडाच. नलिकेत अडकलेल्या खड्याने कावीळ होते, जंतुसंसर्ग होतो, स्वादुपिंड सुजतं. थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री ॲडमिट, आणि मग बिल किती होईल ते कोणी आधी सांगत नाही.

रोबोट लागतोच का, हे सर्जनला विचारा. नलिकेतले खडे बहुतेक वेळा ईआरसीपीने निघतात: तोंडातून दुर्बीण, नलिकेचं तोंड थोडं कापून बास्केट किंवा फुग्याने खडा बाहेर. मग पित्ताशय दुर्बिणीतून काढतात. ईआरसीपीनंतरही स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, तो धोका विचारून घ्या. खडा मोठा असेल, घट्ट बसला असेल किंवा ईआरसीपी फसली असेल तर नलिका उघडावी लागते. तिथे रोबोटचा विचार ठीक. तुमच्या पत्रात ईआरसीपीचा उल्लेखच नाही. दुसऱ्या पोटविकारतज्ज्ञाला रिपोर्ट दाखवा, त्याची फी या सगळ्यात किरकोळ आहे.

ठेव मोडा, क्रेडिट कार्ड नको. आणि कंपनीला आजच लेखी कळवा. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसीही जाईल, पण ते आत्ता कळलेलं बरं. एजंटचे मेसेज मात्र पुसू नका.