बॅगेत पेनकिलरची रिकामी पाकिटं सापडली, आता पोराला व्यसनमुक्ती केंद्रात टाकू का?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच, कधी आईकडून कधी बायकोकडून. "टाकू" हा शब्द मला दर वेळी खटकतो, पण समोरचं माणूस इतकं घाबरलेलं असतं की शब्दावर बोट ठेवायची ती वेळ नसते. म्हणून एक केस सांगते. नावगाव आणि बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, आणि घरच्यांना विचारूनच लिहितेय.

काकू आल्या त्या साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन. आतली नऊ रिकामी पाकिटं टेबलावर एकेक करून मांडली आणि म्हणाल्या, "मोजा मॅडम." त्यांचा मुलगा २२ वर्षांचा, त्याला निखिल म्हणू. आठ महिन्यांपूर्वी दोघं भाऊ शिरवळच्या एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून बाइकवर घरी निघालेले, हायवेला मागून टेम्पोनं उडवलं, मागे बसलेला थोरला जागेवरच गेला, आणि गाडी चालवणाऱ्या निखिलच्या मांडीत रॉड टाकावा लागला. डिस्चार्जला ट्रामाडॉल लिहून दिली होती, दहा दिवसांची. ती अजून चालूच.

ही गोळी साधी अंगदुखीची नाही बरं का. अफूच्या जातकुळीतली आहे, मेंदूत अफूच्याच जागी जाऊन बसते, शिवाय मूडवरही थोडं काम करते, त्यामुळे दुखणं आतलं असलं तरी बरं वाटतं. शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीत आहे म्हणजे मेडिकलवाल्यानं वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवायची असते, आणि २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली पण आलीये. तरी जुनी चिठ्ठी दाखवून ओळखीच्या दुकानात मिळते, ते मी तुम्हाला काय सांगायचं. सरकारसाठी एम्सनं जो देशभराचा सर्व्हे केला, २०१९ ला रिपोर्ट आला, त्यात १० ते ७५ वयातल्या २.०६ टक्के लोकांनी वर्षभरात अफूच्या जातीचं काही ना काही घेतलेलं निघालं, आणि त्यात हेरॉइनच्या खालोखाल अशा औषधी गोळ्या-सिरपचाच नंबर होता. त्यामुळे "आमच्यासारख्या घरात असं कसं" हे डोक्यातून काढून टाका.

पहिल्या भेटीत माती मीच खाल्ली. काकू, काका (म्हणजे निखिलचे चुलते, वडील नाहीयेत) आणि निखिल, तिघांना एकत्र बसवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, दिवसाला किती घेतोस? काका म्हणाले, "सांग की आता, लाज वाटते काय," आणि पोरगं उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलं ते आत आलंच नाही. इतकी वर्षं हे काम करतेय तरी हे झालं.

दुसऱ्या वेळी एकटा बोलावला. गोळ्यांचा विषयच काढला नाही, पाय कधी दुखतो एवढंच विचारलं. "दिवसा नाही दुखत." मग रात्री? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पाचला वाजतो." मला वाटलं पायाबद्दलच बोलतोय. तर दादाचा फोन. काकू अजून रोज रात्री तो चार्जिंगला लावतात, त्याच्याच फळीवर, आणि त्यात फर्स्ट शिफ्टचा अलार्म तसाच आहे, पहाटे पाचचा. घरात सगळ्यांना ऐकू येतो, बंद कुणीच करत नाही, त्याबद्दल कुणी बोलतही नाही. तो ऐकू येऊ नये म्हणून हा रात्री आधी दोन, मग तीन, आणि आता दिवसभरात मिळून सहा गोळ्यांवर गेला होता. आणि दहाव्याला काका म्हणाले होते, "गाडी तूच चालवत होतास ना रे?" ते वाक्य त्यानं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

हे मी त्याच्या परवानगीनं काकांपुढे ठेवलं तर ते बघतच राहिले. त्यांनी क्लेमच्या फॉर्मसाठी विचारलं होतं म्हणे! मग खाली मान घालून बसले बराच वेळ. मी पण काही बोलले नाही.

मधल्या काळात काकूंनी एकदा सगळ्या गोळ्या संडासात ओतून पाणी सोडलेलं. दोन दिवस पोराला घाम, नाक गळणं, जुलाब, पाय नुसते ओढल्यासारखे, झोप नाही, आणि काका म्हणे नाटकं करतोय. ती नाटकं नसतात, अंगाला सवय लागली की एकदम बंद केल्यावर असंच होतं, आणि तिसऱ्या दिवशी माणूस परत दुकानात जातो. बंद करायचं ते डॉक्टरकडूनच, टप्प्याटप्प्यानं. आम्ही सिव्हिलच्या मानसोपचार विभागात नेलं, तिथं डोस हळूहळू उतरवला आणि झोपेचं वेगळं बघितलं.

गोळ्या कुणाकडे ठेवायच्या, हे मी निखिललाच ठरवू दिलं. मला वाटलं आई म्हणेल. तो म्हणाला आजीकडे. आजीला वाचता येत नाही, डॉक्टरांच्या नर्सनं रोजच्या पुड्या बांधून दिल्या, आजीनं त्या पानाच्या डब्यात ठेवल्या आणि जेवणानंतर एक पुडी हातावर, लेक्चर नाही काही नाही. बॅग तपासणं बंद, हे काकूंना सगळ्यात जड गेलं. त्यांना एवढंच पाठ करून घेतलं की यावर दारू किंवा झोपेची गोळी पडली तर श्वास मंदावतो, हाक मारून उठत नसेल, घरघर लागली असेल, ओठ निळे दिसले की लगेच १०८. आणि जास्त घेतली तर फिटही येऊ शकते.

एक मधेच सांगते, हे वाचून घरातल्या कॅन्सरच्या पेशंटची मॉर्फिन बंद करायला जाऊ नका. त्यांचं दुखणं खरं असतं आणि डोस डॉक्टर बघत असतात. माणूस गेल्यावर उरलेल्या गोळ्या मात्र कपाटात ठेवू नका, कुठं द्यायच्या ते डॉक्टरांना विचारा.

केंद्राचं म्हणाल तर काहींना लागतं, याला लागलं नाही. आधी विचारायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि मनाचं बोलायला टेली-मानसचा १४४१६, दोन्ही टोल फ्री.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात तो एकदा घसरला, एक अख्खं पाकीट आणलं, चार खाल्ल्या आणि उरलेल्या स्वतःच आजीच्या हातात दिल्या. घरात आरडाओरडा झाला नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आले.

अलार्म काकूंनी बंद केला नाही. नाही करणार म्हणाल्या, मी पण आग्रह धरला नाही. फोन आता स्वयंपाकघरात असतो, पाचला वाजला की ज्याला जाग येते तो उठतो आणि चहा टाकतो. निखिल बऱ्याचदा झोपलेलाच असतो. मागच्या आठवड्यात म्हणे काका आले होते, पहाटे पाचला, मफलर गुंडाळून, चहाला.