आयात सागवानाने आपलं जंगल वाचतं का?

नागपुरात घर बांधताय, आणि तीन दारांच्या चौकटींना घानाचं सागवान लावलं तर चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल वाचेल का, असं विचारताय. जवळजवळ नाहीच. पण लकडगंजच्या लाकूडबाजारात हेच सांगून माल खपवतात, म्हणून आधी त्या 'स्वस्त' मालाचं माप काढू.

लागवडीतलं ८० सेंमी गोलाईचं (म्हणजे घेराचं), २.२ मीटर लांबीचं लाकूड घ्या. गोलाईचा पाव २० सेंमी, त्याचा वर्ग गुणिले लांबी म्हणजे ०.०८८ घनमीटर. बिलात ३.१ घनफूट. आता कापलेलं तोंड बघा. व्यास साडेपंचवीस सेंमी, त्यात सगळीकडून ३ सेंमी पांढरं, म्हणजे सालीखालचं कच्चं लाकूड. गाभा उरला साडेएकोणीसचा. तो चौरस केला की बाजू पावणेचौदा, म्हणजे दीड घनफूटही भरत नाही. आरामशीनवर ५ बाय ३ इंचाची चौकटीची एक ७ फुटी उभी बाजू निघेल, सोबत ५ बाय २ ची एक पट्टी. तेही लाकूड सरळ असेल तर. म्हणून मिस्त्री पांढऱ्यासकट चिरतो आणि वरून पॉलिश मारतो. कीड तिथेच लागते, चौकटीखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. बल्लारशाच्या सरकारी लाकूड डेपोच्या १८० सेंमी गोलाईच्या लाकडात तेवढंच ३ सेंमी पांढरं धरलं तर पाचवा हिस्सा जातो. या ८० सेंमीच्या लाकडात शंभरातले ४२ गेले.

राहिलं जंगल. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हा व्यापारी आफ्रिका आणि इक्वेडोर-पनामाकडे जास्त वळले. तिथे सागवान मूळचं नाही, लावलेलं आहे. आपल्याकडे सरकारी जंगलातली तोड कार्य आयोजनेनुसार, म्हणजे कुठे किती तोडायचं ते आधीच ठरवणाऱ्या आराखड्यानुसार चालते, १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तर सक्तीनेच. तुमच्या तीन दारांनी त्या जंगलातलं एक झाड कमी तुटत नाही.

मार बसतो तो बांधावर साग लावलेल्या शेतकऱ्याला. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे त्याला स्वतःचंच झाड तोडायला परवानगी लागते, मग लाकडावर वनखात्याचा हातोडा-शिक्का, मग वाहतूक परवाना. घानाच्या कंटेनरला आपल्याकडची तोडपरवानगी लागत नाही, कस्टमचे आणि कीडमुक्तीचे कागद दाखवले की माल उतरतो. आणि सरकारी लोक 'शेतकऱ्याने साग लावावा' म्हणून भाषणं देतात, त्याचं हसू येतं.

जंगलालगतच्या गावालाही सागाच्या भावाशी फारसं घेणंदेणं नाही. बांबू, तेंदू गौण वनोपजात येतात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासचा अधिकार मिळाला. साग त्यात बसत नाही. भाव चढो की पडो, गावाच्या हाती बहुतेक तोडीची मजुरीच.

माझं मत: परवाना तपासून शेतकऱ्याचंच घ्या. हां, तेही बहुतेक बारीकच असतं, म्हणून वरचंच गणित लावा आणि पांढरं वजा करून भाव ठरवा. आयातीने भाव पडला की चोरट्या तोडीला थोडा आळा बसू शकतो, एवढं मात्र मान्य. आणि जाड गोलाईचा आयात माल वाईट नसतो. तो स्वस्तही नसतो.