आभारप्रदर्शन आणि उपकारस्तुती

प्रभूमध्ये प्रिय,

सलाम. तुझे पत्र मिळाले. जेवणाआधी हात जोडतोस, पण पाठ केलेले शब्द ओठांवरून निघून जातात आणि मनाला त्यांचा पत्ताही लागत नाही, असे तू लिहिले आहेस. आणि मुलाखतींमागून मुलाखती होऊनही नोकरी मिळत नसताना देवाचे उपकार मानणे हे ढोंग नव्हे काय, असेही विचारले आहेस. ती प्रार्थना शब्बाथशाळेत, मंडळीच्या रविवारच्या धर्मवर्गात, मीच तुझ्याकडून पाठ करून घेतली होती, तेव्हा उत्तराची जबाबदारीही माझ्याकडेच येते.

आपल्याकडे कोणत्याही कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन असते आणि ते सुरू झाले की श्रोते चपला शोधू लागतात. आपल्यापैकी पुष्कळांची देवाशी असलेली कृतज्ञता या जातीची असते: काम झाल्यावर, घाईघाईने, नावे वाचून दाखवावीत तशी. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराने वापरलेला ‘उपकारस्तुती’ हा शब्द मला त्यापेक्षा फार जड वाटतो, कारण त्यात आधी उपकार आठवावा लागतो आणि मगच स्तुती येते. तुझ्या प्रार्थनेत स्तुती आहे, आठवण गळून गेली आहे, एवढेच माझे निदान आहे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी येतो. प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करण्यास सांगितले. सर्व स्थितींबद्दल करा, असे तिथे म्हटलेले नाही. नोकरी नाकारली गेली याबद्दल देवाचे आभार मान, असे मी तुला सांगणार नाही. (इफिसकरांस लिहिताना तोच प्रेषित ‘सर्व गोष्टींबद्दल’ असेही म्हणतो, हे तू लगेच दाखवून देशील. त्या वाक्याशी माझी झटापट या वयातही संपलेली नाही.) तुझ्या काकूंच्या शस्त्रक्रियेच्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मी उपकारस्तुती करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तोंडातून ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ या स्तोत्राशिवाय काहीही निघाले नाही, आणि तेही शास्त्रातलेच स्तोत्र आहे, हे आठवून मला धीर आला. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेव. आपण प्रभुभोजनाला बसतो तेव्हा पाळक जे शब्द उच्चारतात, त्यांत वेळेचा उल्लेख मुद्दाम आहे: ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले, त्या रात्री येशूने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. धरून देणारा माणूस त्याच पंगतीला होता. त्या रात्रीबद्दल नव्हे, पण त्या रात्रीत, हातात असलेल्या भाकरीबद्दल.

आता एका चुकीपासून तुला सावध करतो, कारण ती मी स्वतः वर्षानुवर्षे केली आणि वर्गात मुलांनाही शिकवली. ‘आपल्यापेक्षा वाईट स्थितीत किती लोक आहेत ते बघा आणि देवाचे आभार माना’ हा उपदेश ऐकायला सात्त्विक वाटतो. पण शुभवर्तमानात, लूकच्या अठराव्या अध्यायात, नेमकी अशीच एक उपकारस्तुती आहे आणि ती फुकट गेलेली आहे. मंदिरात उभा राहून परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा धर्मनिष्ठ यहूदी, शेजारच्या जकातदाराकडे, म्हणजे लोक पापी मानत त्या करवसुली करणाऱ्याकडे, पाहून म्हणतो की, हे देवा, मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही, म्हणून मी तुझे उपकार मानतो. त्याच्या वाक्यातील व्याकरण निर्दोष आहे, देवाचे नाव जागच्या जागी आहे, त्याने सांगितलेले उपवास आणि उत्पन्नाचे दशांशदानही खरे आहेत. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. दुसऱ्याच्या दैन्याच्या पाटावर बसून केलेली कृतज्ञता ही अहंकाराचीच सुधारलेली आवृत्ती असते, आणि सिग्नलवर हात पसरणारे मूल दिसताच ‘देवाची कृपा, आपले बरे आहे’ असे मनात येते तेव्हा आपण त्या परूश्याच्या शेजारीच उभे असतो.

याच्या उलट दिशेने चालणारी कृतज्ञता पाहायची असेल तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावकडे, पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’ या निराधार स्त्रियांच्या आश्रमाकडे बघ. रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात गमावले होते. उपास म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ‘मी वाचले, देवाची कृपा’ एवढे म्हणून थांबणे त्यांना शक्य होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना व विधवांना घेऊन परतल्या. शेकडो जणींसाठी केडगावात ‘मुक्ती’ उभी राहिली ती अशी. स्वतःच्या सुटकेची आठवण त्यांना दुसऱ्याच्या भुकेपर्यंत घेऊन गेली.

तुझ्या रोजच्या जगण्यात याचा अर्थ फार साधा आहे. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी जे नऊ जण आभार मानायला परतले नाहीत, ते काही अवज्ञा करत नव्हते. याजकाकडे जा, असे येशूनेच त्यांना सांगितले होते आणि ते तिकडेच निघाले होते. कामात होते, इतकेच. त्यांतल्या एका शोमरोन्याने, म्हणजे यहूदी ज्याला परका मानत अशा माणसाने, मात्र वाट मोडली आणि तो माघारी आला. तूही दिवसातून एकदा वाट मोड. मेसचा डबा उघडशील तेव्हा पाठ केलेली प्रार्थना म्हणच, ती टाकून देऊ नकोस, पण डोळे मिटण्याआधी त्या डब्यामागच्या एका माणसाला आठव: कधी पोळ्या लाटणाऱ्या बाईला, कधी डबा पोहोचवणाऱ्या मुलाला, कधी गावाकडे रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देणाऱ्या आपल्या चुलत्याला. त्या बाईंचे नाव तुला ठाऊक आहे का? नसेल तर आधी ते विचार. आणि मेसचे पैसे पाच तारखेच्या आत देत जा, कारण महिनाभर देवाचे उपकार मानून त्या बाईंना पैशांसाठी तिष्ठत ठेवणारा विश्वासू मला समजत नाही. आपल्या घरांत एकमेकांना ‘थँक्यू’ म्हणायची रीत नाही आणि ती लावून घ्यावी असेही मला वाटत नाही. आई ‘सावकाश जेव’ म्हणते तेव्हा ताट स्वतः उचलून घासणे हे आपल्या भाषेतले उत्तर आहे.

आपल्या मंडळीतला सुगीचा सण तुला आठवत असेल. कोणी बाजरीचे पायलीभर दाणे आणायचे, कोणी दुधीभोपळा, कोणी पाय बांधलेली कोंबडी, जी नेमकी उपदेश रंगात आला की ओरडायची. आणि उपासनेनंतर लिलावात चार अंडी घेणारा माणूस पैसे मोजून तीच अंडी पुन्हा लिलावाला ठेवायचा. बाजारभावाने पाहिले तर तो सगळा व्यवहार मूर्खपणाचा होता. लहानपणी तू एकदा फक्त मूठभर हरभरे आणले होतेस आणि वेदीपाशी जायला लाजत होतास.

या वर्षी तो सण आहे तेव्हा ये. नोकरी लागली असेल तरी ये आणि लागली नसेल तरी ये. रिकाम्या हाताने मात्र येऊ नकोस. मेसच्या त्या बाईंना विचारून त्यांच्या हातची एक चटणी बांधून आण आणि लिलावात त्यांचे नाव घेऊन ठेव. यंदा पाऊस रुसल्यामुळे आमच्या परसात शेवग्याखेरीज काही आलेले नाही. मी शेंगांची जुडी ठेवणार आहे.

तुझे,
शब्बाथशाळेतले गुरुजी