‘लोकांना तोंड कसं दाखवू?’

“मॅडम, पैसे खाल्ले त्यांनी आणि तोंड लपवून फिरतोय मी.” कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत टेकल्या टेकल्या गुरुजी हे बोलले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पन्हाळा तालुक्यात बत्तीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले. फंड-ग्रॅच्युइटीतले नऊ लाख त्यांनी महिन्याला चार टक्के देतो म्हणणाऱ्या एका कंपनीत घातले. आठ महिने पाच तारखेला पैसे खात्यावर पडले. नवव्या महिन्यात ‘सर्व्हर डाऊन’, दहाव्यात ऑफिसला कुलूप. अशी फसलेली माणसं माझ्याकडे बहुतेक एकच प्रश्न घेऊन येतात. एवढा शिकलेला मी, फसलो कसा? आता लोकांना तोंड कसं दाखवू?

गुरुजींचं दुखणं त्याहून खोल होतं. दुसऱ्या भेटीला त्यांनी हजेरीपटासारखी लांबट वही आणली. रेघा आखून चौदा नावं लिहिलेली. साडू, चुलतभाऊ, डेअरीत कामाला असलेला जुना विद्यार्थी. प्रत्येकापुढे रक्कम आणि तारीख, अक्षर मोत्यासारखं. शेजारच्या वहिनींच्या नावावर बोट थांबलं. नवऱ्याच्या विम्याचे दोन लाख. “त्यांनी विचारलं होतं, गुरुजी, घालू का? मी व्हय म्हटलं.”

झोप उडाली होती. रंकाळ्यावरचं फिरणं बंद, लग्नाची पत्रिका आली की पोट बिघडायचं. जगणं नकोसं वाटतं का, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सरळ विचारलं होतं. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. “दोनदा आलं मनात,” म्हणाले. त्यांच्या पत्नीला, काकूंना, आत बोलावलं, पुढचे काही दिवस गुरुजींना एकटं सोडायचं नाही असं ठरलं, डॉक्टरांची वेळ घेतली आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवायला दिला.

घरचे, पाहुणे सगळे एकच बोलत होते, हाव नडली. हा शब्द ऐकला की मला राग येतो. पगारावर काटकसरीनं जगलेल्या माणसाला मुलीच्या घराला हातभार लावायचा होता, याला हाव म्हणायचं? आणि नव्या लोकांचे पैसे जुन्यांना ‘परतावा’ म्हणून वाटणाऱ्याला काय म्हणायचं? या धंद्याला जाहिरात लागत नाही. ‘गुरुजींनी सांगितलंय’ एवढं पुरतं. समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये व्हाइट कॉलर गुन्ह्यांची, म्हणजे प्रतिष्ठित माणसांनी धंद्याच्या आडून केलेल्या गुन्ह्यांची, संकल्पना मांडली. पैशाच्या नुकसानीपेक्षा माणसामाणसांतल्या विश्वासाचं नुकसान मोठं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला त्या वहीत दिसत होतं. साडू बोलत नव्हते, आणि गावातल्या बायकांनी आपली साधी भिशीसुद्धा मोडली होती.

चौथ्या भेटीत गुरुजी खालमानेनं म्हणाले, “कमिशन घेतलं मी. अठरा हजार. कुणाला सांगितलं नाही.”

तेव्हा मी त्यांना ‘तुमची काही चूक नाही’ म्हटलं नाही. ते खोटं झालं असतं, आणि त्यांना ते पटलंही नसतं. वहीचं मागचं पान उघडायला सांगितलं, मधोमध रेघ. डावीकडे त्यांनी लिहिलं: नोंदणी तपासली नाही. कमिशन घेतलं, लपवलं. उजवीकडे लिहायला वेळ लागला. खोटी सर्टिफिकेटं छापली. एकाचे पैसे दुसऱ्याला दिले. उरलेले पळवले. मग बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले. “उजवीकडचं मी माझ्याच नावावर धरलं होतं की,” एवढंच बोलले.

कमिशन घेणाऱ्यांवरही गुन्हा दाखल होऊ शकतो, म्हणून आधी वकिलाकडे पाठवलं. मग आर्थिक गुन्हे शाखेत जबाब. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी राज्याचा १९९९चा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात त्याला. त्यात मालमत्ता जप्त करून, विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना पैसे परत देण्याची तरतूद आहे. वेळ फार लागतो, आणि सगळे मिळतीलच असं नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे तोही नाही. आशा दाखवून गप्प बसवणं मला जमत नाही.

कमिशनचे पैसे घेऊन गुरुजी दारोदार गेले. काकू सोबत होत्या. वहिनींनी चहा ठेवला, पैसे मोजून घेतले आणि पुढच्या तारखेला कोर्टात मीही येते म्हणाल्या. विद्यार्थ्यानं पाया पडून स्वतःची कागदपत्रं गुरुजींच्या फाईलला लावली. साडूंनी दार उघडलं नाही. गुरुजींनी त्यांच्या वाट्याचे चार हजार पाकिटात घालून ठेवलेत. परवा विचारत होते, बेंदराच्या सणाला पुन्हा जाऊन बघू का?