प्लास्टिकच्या शिकाऊ क्लॅरिनेटनंतर मुलीसाठी पुढचे वाद्य कोणते घ्यावे?

आधी माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा वरचा तुकडा) बदलून पाहावा. व्हँडोरेन कंपनीचा बी४५ किंवा एम३० माउथपीस लावल्यावर जुन्याच वाद्याचा आवाज पुष्कळदा इतका भरीव होतो की खरेदीची घाई उरत नाही. तरीही वाद्य अपुरे पडत असेल, तर ग्रेनाडिला लाकडाचे यामाहा वायसीएल-४५० किंवा बुफे ई१३ तिच्याकडून तिच्याच माउथपीसवर वाजवून घ्यावे आणि खालचा स्वर 'सा' धरून रजिस्टर की (त्याच बोटांवर वरचा स्वर काढणारी कळ) दाबल्यावर येणारा तार पंचम ट्यूनरवर (सूर तपासण्याच्या यंत्रावर) नीट बसतो का, हे एकेका स्वरावर तपासावे. कळांवरच्या चांदीच्या मुलाम्यापेक्षा ही कसोटी माझ्या मते कितीतरी मोलाची आहे. नवे लाकडी वाद्य सुरुवातीचे काही आठवडे रोज थोडाच वेळ वाजवावे व दरवेळी आतून पुसावे, नाहीतर वरच्या भागाला तडा जाऊ शकतो.