कापडी डायपर वापरूनही बाळाला सारखा रॅश येतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बाळ सात महिन्यांचं आहे, दिवसरात्र कापडी डायपर असतं, क्रीम लावली की चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा कुल्ले लाल होतात. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर क्रीम बदलण्याआधी डायपर बदलण्याच्या वेळा आणि धुण्याची पद्धत तपासा. मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

नुसत्या शूने त्वचा इतकी बिघडत नाही. शीमधले जिवाणू शूतल्या युरियाचा अमोनिया करतात, त्याने त्वचेची आम्लता कमी होते आणि शीतली एन्झाइम्स त्वचेला जास्त बोचू लागतात. ओलीने मऊ पडलेली त्वचा त्यात कापडावर घासली की सोलवटते. वरचं अन्न सुरू झालं की शी बदलते, म्हणून या वयात त्रास वाढलेला दिसतो.

सुती कापड शू शोषतं, पण स्वतः ओलंच राहतं. म्हणून दिवसा दर दोन तासांनी डायपर बदला, शी झाली की लगेच. त्वचेकडच्या बाजूला मायक्रोफ्लीसचा (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा) थर ठेवा. त्यातून शू खाली जाते आणि वरचा भाग बराच कोरडा राहतो. मायक्रोफायबरचा इन्सर्ट (डायपरच्या आत घालायचा शोषक कपडा) मात्र थेट त्वचेला लावू नका, तो त्वचा कोरडी पाडतो. रॅश असेपर्यंत रात्रीही एकदा बदलाच, झोपमोड झाली तरी.

आता धुण्याबद्दल. स्वच्छ, वाळलेलं एक डायपर बादलीभर गरम पाण्यात साबण न घालता खळबळा. भरपूर फेस आला तर साबण नीट निघत नाहीये. फेस नाही, पण गरम पाण्यात भिजल्याबरोबर नाकात जाणारा उग्र वास आला तर उलट आहे: साबण कमी पडतोय आणि अमोनिया आतच राहतोय. ‘बाळाचे कपडे आहेत’ म्हणून चिमूटभर साबण घालणाऱ्या घरांत हे नेहमी होतं. आधी शी काढून गार पाण्यात खंगाळा, मग बिनवासाचा साबण पूर्ण मापाने घालून इन्सर्ट ६० अंशांवर धुवा. वरची कव्हरं त्यांच्या लेबलवर लिहिलेल्या तापमानालाच, नाहीतर आतला जलरोधक थर आणि इलास्टिक खराब होतं. फ्रंट लोड मशीन पाणी कमी घेतं, तिथे एक जादा रिन्स लावा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून कापड शोषेनासं होतं. शेवटच्या पाण्यात अँटिसेप्टिकही नको. ते कापडात राहून त्वचेला झोंबतं.

रॅश उठला असताना वाइप्स बाजूला ठेवा. कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, चोळू नका. दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा आणि त्वचा पूर्ण वाळल्यावर झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा जाड, पांढरा दिसेल असा थर द्या. पुढच्या वेळी फक्त मळलेला वरचा थर पुसा, खालची क्रीम खरवडून काढू नका. जखमी त्वचा त्यानेच जास्त सोलते. ही क्रीम कापडाला चिकटते आणि शोषण कमी करते, म्हणून मध्ये फ्लीसची सुटी पट्टी घाला आणि ती वेगळी धुवा. पावडर कुठलीच नको, ती श्वासातून आत जाते.

एवढं करून तीन दिवसांत फरक पडला नाही, तर बाळाच्या जांघेच्या घड्या उघडून पाहा. साधा रॅश कुल्ल्यांच्या फुगीर भागावर असतो, घड्या बऱ्याचदा वाचतात. घडीच्या आत गडद लाल, चकचकीत चट्टा आणि त्याच्या कडेने सुट्या लाल पुटकुळ्या दिसल्या तर बहुधा बुरशी आहे, विशेषतः बाळाला नुकतंच अँटिबायोटिक दिलं असेल तर. तिथे झिंक पुरत नाही. डॉक्टर क्लोट्रिमाझोलसारखं बुरशीनाशक मलम देतात. घरात पडलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं अजिबात लावू नका. डायपरखाली झाकलेल्या त्वचेतून स्टेरॉइड जास्त शोषलं जातं आणि त्वचा पातळ होते. ताप, पाणी भरलेले फोड, पू किंवा रक्त दिसलं तर तीन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्या.