गोव्याच्या पावसात कॉस्मिक किरणांचा डिटेक्टर उघड्यावर टिकेल का?

तुम्ही विचारलंय की साखळीच्या शाळेत विद्यार्थ्यांसाठी म्युऑन (अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळे वरच्या हवेत जन्मणारे सूक्ष्म कण) मोजणारा डिटेक्टर गच्चीवर बसवला, तर तो पावसाळा काढेल का. काढेल. पण आधी ठरवा, तो उघड्यावर हवाच आहे का? म्युऑन स्लॅबमधून सहज आरपार जातो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो आणि छपराखालीही त्यात फारसा फरक पडत नाही. एकच डिटेक्टर असेल तर खुशाल वर्गात ठेवा.

बाहेर पडावं लागतं ते कणवर्षाव पकडायला. वरच्या हवेत एखादा जोरदार कण आदळला की त्यातून जन्मलेल्या कणांचा सडा शेकडो मीटरवर जवळजवळ एकाच क्षणी पडतो. तो टिपायला डिटेक्टर दूरदूर पसरावे लागतात. उटीच्या ग्रेप्स-3 प्रयोगात सुमारे 400 प्लास्टिक सिंटिलेटर (कण आरपार गेला की क्षणभर चमकणारे तुकडे) 8 मीटर अंतराने मांडलेत. अर्जेंटिनाच्या पिएर ओझे वेधशाळेत तर 1600 हून अधिक टाक्या दीड-दीड किलोमीटरवर उभ्या आहेत, प्रत्येकीत 12,000 लिटर शुद्ध पाणी आणि वर स्वतःचं सोलर पॅनेल. पण तो प्रदेश कोरडा. आपल्याकडे खरी परीक्षा दमटपणाची आणि खाऱ्या हवेची.

डिटेक्टरचा डबा घट्ट बंद केला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. तिथंच घात होतो. उन्हात आतली हवा फुगते, मग अचानक सर येऊन डबा थंड होतो, आतला दाब उतरतो आणि रबरी गॅस्केटच्या फटीतून दमट हवा आत ओढली जाते. असं रोज होतं आणि चतुर्थीपर्यंत आत पाण्याचे थेंब जमतात. सिंटिलेटरची चमक टिपायला फोटोमल्टिप्लायर (मंद उजेडाचा विजेचा सिग्नल करणारी नळी) वापरत असाल तर त्याला हजारेक व्होल्ट लागतात. ओलीमुळे तिथून वीज झिरपते आणि खोटे ठोके, म्हणजे कण नसतानाचे सिग्नल, मोजले जातात. म्हणून हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट प्लग लावा, आत सिलिका जेल ठेवा आणि सर्किटवर वॉटरप्रूफ लेपाचा थर द्या. केबल डब्याच्या खालच्या बाजूनेच आत घ्या. डबा लोखंडी नकोच. होड्या बनवणाऱ्या कारागिरांकडून फायबरग्लासचा करून घ्या, ते काम त्यांना उत्तम येतं. स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे.

मे महिन्याचं ऊन सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरला (नळीऐवजी वापरायची छोटी चिप) पावसाइतकंच छळतं, कारण तापमान वाढलं की त्याचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची क्षमता, उतरतो. डब्यावर हात-दीड हात उंचीवर पत्र्याची सावली करा, मधून वारा खेळू द्या. जागा माडाखाली निवडू नका.

प्रकाशाची गळती तपासायची सोपी रीत आहे: भर दुपारी डबा काळ्या ताडपत्रीने झाका. ठोक्यांचा आकडा उतरला तर कुठूनतरी उजेड शिरतोय. सिंटिलेटर आधी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये आणि मग काळ्या टेपमध्ये गुंडाळा. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून, दोन्हींत एकदम आलेलाच ठोका मोजा. चिऱ्याच्या भिंतीतली नैसर्गिक किरणं बहुतेक यात गळतात.

हवेचा दाब आणि डब्यातलं तापमान पहिल्या दिवसापासून नोंदवायलाच हवं, याबाबत मी आग्रही आहे. दाब एक हेक्टोपास्कलने (म्हणजे एक मिलिबारने) उतरला की म्युऑन 0.1 ते 0.2 टक्के वाढतात. पावसाळ्यात दाब कमीच असतो, त्यामुळे ही दुरुस्ती केली नाही तर मुलांना पावसाचाच परिणाम दिसल्यासारखा वाटेल. 30 बाय 30 सेंटिमीटरच्या पट्टीवर मिनिटाला सुमारे 900 म्युऑन येतात, 0.1 टक्क्याचा फरक ओळखायला निदान दहा लाख मोजावे लागतात, म्हणजे 18-19 तास. तासातासाच्या आकड्यांवर भांडू नका, रोजची बेरीज घ्या.